पेटंटाच्या निकालाची वाट पाहत स्वस्थ बसू नये

(लेखक : एक सेवानिवृत्त महसूल कारकून)

शेतीच्या अवजारांत सुधारणा करण्याची बुद्धी केवळ कारखान्यांत नकाशे काढणाऱ्यांनाच होते असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. तिफणीच्या चाड्यातून बी सारखे पडत नाही म्हणून जो दर पेरणीला हळहळतो त्यालाच चाड्याची नवी घडण सुचते. हातकोळपे ढकलून ज्याच्या खांद्यांस रग लागते तोच त्याला निराळे चाक लावून पाहतो. असे शेतकरी प्रत्येक तालुक्यात दोनचार तरी सापडतील. त्यांपैकी काहीजण आपल्या कल्पनेचे पेटंट मिळावे म्हणून रीतसर अर्जही करतात, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु अर्ज केला, आता पुढे काय, या प्रश्नाशी येताच बहुतेकांची गाडी अडते. कोणी अवजार गोठ्यात पोत्याखाली झाकून ठेवतो व पेटंटाचा कागद हाती येईपर्यंत ते कोणाच्या दृष्टीस पडू देत नाही. तर कोणी अर्जाचा क्रमांक मिळताच जणू सनदच मिळाली अशा समजुतीने वाटेल त्या कारखानदारापुढे सर्व मर्म उघडे करतो. या दोन्ही रीती नुकसानीच्या आहेत. अर्ज प्रलंबित असतानाचा काळ हाच कारखानदार शोधून त्याच्याशी परवान्याचा करार करण्याचा खरा काळ होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र त्या काळात आपल्या हाती काय आहे व काय नाही हे जाणून पाऊल टाकले पाहिजे.

प्रथम प्रलंबित अर्ज म्हणजे काय ते पाहू. महसुली दप्तराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांस हे समजणे अवघड नाही. जमिनीचे खरेदीखत झाले म्हणजे गाव नमुना ६ मध्ये फेरफाराची नोंद धरली जाते. संबंधितांस नोटिसा निघतात. हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते. आणि नोंद प्रमाणित झाल्यावरच सातबाऱ्यावर नवे नाव चढते. नोंद धरली म्हणजे ती प्रमाणित झाली असे नव्हे. पण धरलेली नोंद म्हणजे काहीच नव्हे, असेही नव्हे. पेटंटाच्या अर्जाचे बरेचसे असेच आहे. १९७० च्या पेटंट अधिनियमाप्रमाणे आरंभी तात्पुरते वर्णनपत्र देऊन तारीख मिळविता येते. मात्र त्या तारखेपासून १२ महिन्यांच्या आत पूर्ण वर्णनपत्र दिले नाही तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते. सर्वसाधारणपणे १८ महिन्यांनंतर अर्ज प्रसिद्ध होतो. त्यानंतर पेटंट मिळेपर्यंत कोणासही त्यास हरकत घेता येते. अर्जाची परीक्षा आपोआप होत नाही. ती व्हावी अशी वेगळी मागणी करावी लागते, आणि १५ मार्च २०२४ रोजी किंवा त्यानंतर केलेल्या अर्जांस ही मागणी ३१ महिन्यांच्या आत करणे भाग आहे. एकट्या व्यक्तीने संगणकाद्वारे अर्ज केल्यास अर्जाची मूळ फी १,६०० रुपये व परीक्षेच्या मागणीची ४,००० रुपये आहे. महाराष्ट्र व गोवा येथील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात.

आता हक्काची गोष्ट. कायद्याच्या ११-अ या कलमाप्रमाणे अर्ज प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून अर्जदारास जणू पेटंट मिळालेच आहे असे हक्क प्राप्त होतात; तथापि प्रत्यक्ष पेटंट मिळेपर्यंत त्यास कोणावरही फिर्याद करता येत नाही. म्हणजे आज कोणी नक्कल केली तर आज त्याचा हात धरता येत नाही. परंतु उद्या पेटंट मिळाले तर प्रसिद्धीच्या तारखेपासूनचा हिशेब त्याजकडे मागता येतो. शहाणा कारखानदार हे जाणून असतो, आणि म्हणूनच तो प्रलंबित अर्जालाही किंमत देतो. पूर्ण वर्णनपत्र तयार असेल तर २,५०० रुपये जादा फी भरून लवकर प्रसिद्धी मागता येते, व मग सामान्यतः महिन्याभरात अर्ज प्रसिद्ध होतो. ज्याची कारखानदाराशी बोलणी रंगात आली आहेत त्याने हा खर्च अवश्य करावा. उलटपक्षी, पेटंट मिळाले नसता मिळाल्याचे सांगणे, किंवा अर्जच केला नसता केल्याचे सांगणे, हा कायद्याने दंडास पात्र असा प्रकार आहे. २०२३ च्या सुधारणेने या दंडाची मर्यादा दहा लाख रुपयांपर्यंत वाढविली आहे. सबब अवजारावर ‘पेटंटासाठी अर्ज केला आहे’ एवढेच लिहावे, व तेही अर्ज जिवंत असेल तरच.

कित्येक मित्र म्हणतात, ‘एवढी घाई कशाला? पेटंट पदरात पडू द्या, मग कारखानदार आपणहून दाराशी येतील.’ हे मत वरवर शहाणपणाचे दिसते, पण ते टिकत नाही. पेटंटाची मुदत २० वर्षांची आहे खरी; परंतु ती मोजली जाते अर्जाच्या तारखेपासून, पेटंट मिळाल्याच्या तारखेपासून नव्हे. निकालास जी वर्षे लागतील ती या वीसांतूनच वजा होतात. पीक उभे असता खळ्याची तजवीज न करणाऱ्या कुणब्यासारखी ही गत होय. शिवाय नव्या अवजाराचा खप एका हंगामात होत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर पुढे गावोगाव गेले. पण आरंभी लोखंडाने जमीन बिघडते या समजुतीने शेतकरी ते घेईनात, ही गोष्ट महाराष्ट्रास ठाऊक आहे. साचे करणे, चाचणी घेणे, विक्रेते जमविणे, लोकांचा विश्वास मिळविणे यांतही काही वर्षे जाणारच. सरकारी अनुदानाच्या यादीत अवजार यावयाचे असेल तर मान्य केंद्राचा चाचणी-अहवाल लागतो, व तो खर्च एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातील क्वचितच असतो. ही सर्व कामे निकालानंतर सुरू करणाऱ्याच्या हाती मुदतीचा शेवटचा तुकडाच उरतो.

कारखानदारांस परवाने देण्यास विलंब केला म्हणजे काय होते याचे जुने उदाहरण कापसाच्या इतिहासातच आहे. अमेरिकेत एली व्हिटने याने सरकी वेगळी करण्याचे यंत्र काढले, जून १७९३ मध्ये पेटंटासाठी अर्ज केला व मार्च १७९४ मध्ये त्यास पेटंट मिळाले. त्याने व त्याचा भागीदार मिलर याने असे ठरविले की, यंत्र दुसऱ्या कोणास बनवू द्यावयाचे नाही. आपणच ठिकठिकाणी यंत्रे बसवून सरकी काढून द्यावयाची व मोबदला म्हणून कापसाचा दोन-पंचमांश भाग घ्यावयाचा. मागणी अफाट, यंत्रे मोजकी, आणि घडण इतकी सोपी की गावचा लोहार-सुतारही ती उचलू शके. परिणाम असा झाला की, मळेवाल्यांनी आपापली यंत्रे बनवून घेतली, आणि तेव्हाच्या कायद्यातील उणिवेमुळे व्हिटनेच्या फिर्यादी टिकेनात. १८०० साली कायदा सुधारला, व १८०१ साली साउथ कॅरोलिना राज्याने ५०,००० डॉलर देऊन हक्क विकत घेण्याचे ठरविले. परंतु तोवर पेटंटाच्या १४ वर्षांपैकी निम्मी वर्षे संपली होती. १८१२ साली त्याने मुदतवाढ मागितली ती नाकारली गेली. ज्या यंत्राने एका देशाची शेती पालटली त्याच्या जनकास त्यातून म्हणण्यासारखी प्राप्ती झाली नाही. प्रारंभीच वाजवी दराने अनेक कारखानदारांस परवाने दिले असते तर चोरी करण्याचे कारणच पुष्कळ कमी झाले असते, असे आम्हांस वाटते.

परंतु परवाना द्यावयाचा म्हणून तो कोणासही देऊन भागत नाही. कापणीच्या यंत्राचा जनक सायरस मॅककॉर्मिक याने १८३४ साली पेटंट घेतले व १८४० नंतरच्या काही वर्षांत निरनिराळ्या ठिकाणच्या कारखानदारांस परवाने दिले. त्यांपैकी काहींनी यंत्रे निकृष्ट बनविली. शेतकऱ्याने दोष दिला तो कारखान्यास नव्हे, तर मॅककॉर्मिकच्या नावास. अखेर १८४७ साली त्याने शिकागोस स्वतःचा कारखाना काढला. आपल्या शेतकऱ्यास कारखाना काढणे शक्य नाही. म्हणूनच कारखानदाराची निवड हे त्याचे सर्वांत जोखमीचे काम होय.

ही निवड कशी करावी? मोठे नाव पाहून धावू नये. ज्या कारखान्यास हजारो नग एकदम बनविल्याशिवाय परवडत नाही तो एका जिल्ह्यापुरत्या उपयोगाच्या अवजाराकडे ढुंकूनही पाहणार नाही. किंवा, त्याहून वाईट, करार करून ते फडताळात ठेवून देईल. आपल्या अवजाराच्या जवळचे अवजार आज कोण बनवितो हे आधी पाहावे. बाजारच्या दिवशी तालुक्याच्या अवजारविक्रेत्याकडे जाऊन यंत्रांवरील पट्ट्या वाचाव्या. कोणाचा माल परत येतो व कोणाचे सुटे भाग वेळेवर मिळतात हे विचारावे. कोल्हापूरच्या ओतकामाच्या कारखान्यांपासून गुजरातेतील राजकोटापर्यंत लहान-मध्यम कारखानदार पुष्कळ आहेत, व नव्या मालाची गरज त्यांसच अधिक असते. पेटंट कार्यालयाचे नियतकालिक दर शुक्रवारी प्रसिद्ध होते, व प्रसिद्ध झालेले अर्ज संगणकावर कोणासही विनामूल्य पाहता येतात. आपल्या विषयात कोणत्या कंपन्या अर्ज करीत आहेत हे त्यावरून समजते. जी कंपनी त्या विषयावर पैसा खर्च करीत आहे तीच आपले पत्र वाचण्याचा संभव अधिक. अशी दहाबारा नावे काढून सर्वांस एकाच वेळी पत्रे लिहावी. एकाच्याच उत्तराची वाट पाहत हंगाम घालवू नये.

पहिल्या पत्रात अवजार काय करते हे लिहावे. ते कसे करते हे लिहू नये. किती मजूर वाचतात, किती एकर काम होते, कोणत्या जमिनीत व कोणत्या पिकात प्रयोग केला, हे आकड्यांनिशी द्यावे. कारखानदाराने उत्सुकता दाखविली की गुप्ततेचा लेखी करार मागावा. मोठ्या कंपन्या तो कधीकधी करीत नाहीत. अशा वेळी अर्जात जेवढे लिहिले आहे तेवढेच दाखवावे, त्यापुढील एक अक्षर नाही. कारण तारखेचे संरक्षण आहे ते वर्णनपत्रात लिहिलेल्या गोष्टीस; नंतर सुचलेल्या सुधारणेस नव्हे. प्रयोगात नवी सुधारणा सुचली तर ती पूर्ण वर्णनपत्रात अथवा नव्या अर्जात आधी घालावी व मगच बोलावी. तसेच अर्जापूर्वी अवजार प्रदर्शनात मांडण्याचा मोह टाळावा. प्रदर्शनासंबंधी कायद्यात सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती आहे. गावच्या जत्रेतील मंडपास ती लागू नाही.

कराराच्या बाबतीत जमिनीचा व्यवहार डोळ्यांपुढे ठेवावा. हक्क कायमचा विकून टाकणे हे खरेदीखत. परवाना देणे म्हणजे जमीन आपल्या नावावर ठेवून दुसऱ्यास कसावयास देणे. त्यातही एकरकमी पैसे घेणे हा खंड, तर दर नगामागे स्वामित्वधन घेणे ही बटाई. खंडात जोखीम कसणाऱ्याची, बटाईत दोघांची. प्रलंबित अर्जात जोखीम दोघांचीही असल्यामुळे बटाईच न्याय्य. मात्र तिला किमान मर्यादा हवी. समजा, अवजाराची किंमत १०,००० रुपये व हिस्सा शेकडा ४ ठरला, तर नगामागे ४०० रुपये होतात. वर्षास निदान ५० नगांचे, म्हणजे २०,००० रुपये, माल खपो वा न खपो द्यावयाचे असे लिहून घेतले, तर कारखानदारास अवजार फडताळात ठेवणे परवडत नाही. एक वर्षात उत्पादन सुरू न झाल्यास परवाना रद्द होईल, ही अटही घालावी. एकट्यालाच परवाना मागणाऱ्यास तो मुलूख व मुदत आखून द्यावा. साऱ्या देशाचा व वीस वर्षांचा एकदम देऊ नये.

अर्ज प्रलंबित आहे म्हणून आणखी तीन गोष्टी कागदावर हव्यात. पेटंट नाकारले गेले अथवा त्याची व्याप्ती कमी झाली तर हिस्सा किती राहील. तोवर दिलेले पैसे परत करावयाचे की नाही. आणि अर्जाचा पुढील खर्च कोणी करावयाचा. हे आधी ठरले नाही तर निकालाच्या दिवशी स्नेह जातो व वकील येतो. कायद्याच्या ६८ व्या कलमाप्रमाणे पेटंटाचा परवाना सर्व अटींसह लेखी असल्याखेरीज ग्राह्य नाही. चावडीवर झालेला तोंडी शब्द येथे चालत नाही. पेटंट मिळाल्यावर त्या कराराची पेटंटाच्या रजिस्टरात नोंद करून घ्यावी.

एका सापळ्याचा विशेष इशारा देणे अवश्य आहे. ‘सर्व खर्च आम्ही करतो, अर्जात आमचे नाव सहअर्जदार म्हणून घाला,’ असे गोड बोलणे काही ठिकाणी होते. ५० व्या कलमाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, प्रत्येक सहमालकास पेटंटाचा उपयोग स्वतःच्या फायद्यासाठी करता येतो व त्याचा हिशेब दुसऱ्यास द्यावा लागत नाही. उलट तिसऱ्यास परवाना द्यावयाचा तर दुसऱ्या सहमालकाची संमती लागते. कारखाना त्याच्याकडे, संमतीची किल्लीही त्याच्याकडे. शेतकऱ्याच्या हाती सामाईक सातबारा तेवढा राहतो. दुसरा सापळा दलालांचा. आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्याकडून अशाच एका मध्यस्थाने कंपन्या शोधून देण्याची फी म्हणून आगाऊ रक्कम घेतली व मोबदल्यात कंपन्यांच्या पत्त्यांची छापील यादी तेवढी दिली. जो करार झाल्यावर हिश्श्यातून मेहनताना घेण्यास तयार नाही त्याचा आपल्या शोधावर विश्वास नाही, असे समजावे.

यावर एक आक्षेप येतो, व तो हलका नाही. शेतकरी आजवर एकमेकांचे पाहून शिकत आला. त्याने शेजाऱ्याकडून पैसे मागावे काय? आमचे उत्तर असे की, शेजारी व कंपनी यांत फरक करावा. प्राध्यापक अनिल गुप्ता यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या हनी बी चळवळीने हाच मार्ग सुचविला आहे : माणसाने माणसाचे पाहून स्वतःपुरते करून घ्यावे, पण व्यापारासाठी बनविणाऱ्या कंपनीने परवाना घ्यावा. हक्क असणे निराळे व तो कोणाविरुद्ध बजावावयाचा हे निराळे. मार्च २००० मध्ये स्थापन झालेले व गुजरातेत गांधीनगराजवळ असलेले राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान अशा शेतकऱ्यांस व कारागिरांस पेटंटाच्या व परवान्याच्या कामी साहाय्य करते. त्याचा लाभ घ्यावा.

एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. शेतीची पद्धत, तसेच बियाणे व पिकांचे वाण यांस आपल्याकडे पेटंट मिळत नाही. वाणांसाठी २००१ चा निराळा कायदा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या शेतातील वेगळ्या लोंब्या निवडून एचएमटी हा तांदूळ सिद्ध केला. तो दूरवर पसरला. परंतु त्या काळी वाणावर हक्क सांगण्याचा कायदाच नव्हता, व लेखी करार तर नव्हताच. नाव व सन्मान मिळाला, धन मिळाले नाही. २०१८ साली ते वारले. आज कायदे आहेत. त्यांचा उपयोग करून घेतला नाही तर तो दोष कायद्याचा नव्हे.

शेवटी आपल्या संस्थेस विनंती. एकट्या शेतकऱ्याचे पत्र कारखानदार बाजूस ठेवू शकतो. संस्थेचे ठेवणे त्यास जड जाते. सबब संस्थेने तिघाचौघांची एक लहान समिती नेमावी. तिने अवजार बनविणाऱ्या विश्वासू कारखानदारांची यादी ठेवावी, दरवर्षी खरीपापूर्वी अर्ज झालेल्या अवजारांचे प्रयोग त्यांस शेतावर दाखवावे, आणि सभासदाने सही करण्यापूर्वी त्याचा करार जाणत्या वकिलाकडून वाचून घ्यावा. यास मोठा निधी लागत नाही. सभासदांनी मात्र एवढे करावे : ज्यांचे अर्ज दाखल झाले आहेत त्यांनी आपल्या बारा महिन्यांची अखेरची तारीख आज भिंतीवर लिहून ठेवावी, आणि दहा कारखानदारांस पत्रे या महिन्यातच टाकावी.